सोलापुरात भूमध्यसागरी वळणाची बाग: आधी सावली, मग बैठक, मग झाडं

ताई, तुमच्या प्रश्नातल्या ज्या गोष्टींवर उत्तर ठरतं, त्या आधी मांडतो. जुळे सोलापुरात ६० बाय ८० फुटांचा प्लॉट, घराचं तोंड पूर्वेला. पुढे १५ फूट, मागे पश्चिमेला ३० फूट, उत्तरेला १० फुटांची पट्टी, दक्षिणेला जेमतेम ५ फूट. जमीन काळी. नळाला पाणी काही दिवसांआड, बोअरचं पाणी क्षाराचं. मागच्या जागेत दोन-तीन बसायच्या जागा, पांढऱ्या भिंती, लॅव्हेंडर, ऑलिव्ह, उंच सुरू (सायप्रस), असं ग्रीस-इटलीच्या फोटोंत दिसतं तसं हवंय. घरात गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत आणि तीन वर्षांचा मुलगा. काम फेब्रुवारीत सुरू करायचंय.

अशी बाग सोलापुरात होते आणि छान होते. पण फोटोतल्या झाडांची यादी घेऊन नर्सरीत गेलात, तर पहिल्या सप्टेंबरातच निम्मी झाडं जातील. लोक म्हणतात, "इथलं ऊन त्यांना सोसत नाही." खरं तर बहुतेक झाडं पावसात मरतात. अथेन्सला वर्षाचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, आपल्या जिल्ह्याची सरासरी ५५० च्या आसपास. म्हणजे तिथे आपल्यापेक्षा कमीच पडतो. फरक आहे तो वेळेचा. तिथला पाऊस ऑक्टोबर ते मार्च, थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे पाऊस गरम दिवसांत येतो आणि सगळ्यात जास्त सप्टेंबरात. रोझमेरी, लॅव्हेंडर, सेज, थाईम या मंडळींना ओली मुळं थंडीत चालतात, उकाड्यात चालत नाहीत. काळ्या मातीत चार दिवस पाणी धरून राहिलं की मुळं कुजतात. वरून पानं वाळलेली दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती तुमच्या फायद्याची आहे. आपली जमीन चुनखडीची आहे. जास्वंद, एक्झोरा, लिंबू यांची पानं इथे पिवळी पडतात ती बहुतेक वेळा त्या चुन्यामुळेच, कारण लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. रोझमेरी, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह यांना मात्र चुना चालतो, त्यांच्या मूळ प्रदेशातली जमीनही बरीचशी तशीच आहे. थोडक्यात, मातीतला चुना जुळतो, कोरडा उन्हाळा जुळतो. मातीचा चिकटपणा आणि पावसाचा महिना जुळत नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या की पुढचं सोपं आहे.

आता बैठकीकडे येतो, कारण माझ्या मते बागेचा खरा प्रश्न तोच आहे. तिकडच्या अंगणांत माणसं बसतात ती उन्हासाठी नव्हे, सावलीसाठी. जाड भिंती, मध्ये चौक, कडेला ओसरी, थोडं पाणी, कुंड्यांत सुवासाची झाडं. स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यापासून साध्या घरापर्यंत हीच मांडणी दिसते आणि ती आपल्या वाड्याच्या चौकापासून फार लांबची नाही. आपल्याकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे: ओटा, कट्टा, पार, मांडव. म्हणून मी नकाशा काढताना आधी एकच विचारतो, घरातलं कोण कुठल्या महिन्यात, किती वाजता बाहेर बसणार?

तुम्ही मुख्य बैठक मागे पश्चिमेला मागितली आहे. फेब्रुवारीत तिथे उभं राहिलं की जागा सुरेख वाटेल. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते साडेसहा तिथे भट्टी असते. ऊन तिरपं येतं, कंपाउंडची भिंत तापते आणि फरशी रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहते. त्याच वेळी घराच्या पुढे, पूर्वेला, घराची स्वतःची सावली पडलेली असते. म्हणून उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या चहाची जागा पुढे करा. दाराला लागून १२ बाय ८ फुटांचा ओटा, भिंतीला टेकून पाठीचा कट्टा, समोर दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. हिवाळ्यात सकाळचं कोवळं ऊन हाच ओटा खातो. सासूबाईंचा जास्तीत जास्त वापर इथेच होईल हे धरून चाला. कट्ट्याची उंची नेहमी १६ इंच करतात, त्यांच्यासाठी १८ ते १९ करा आणि एका टोकाला हाताने रेटून उठता येईल असा दगडी हात ठेवा. खोली १८ इंच पुरे. जास्त खोल केलात तर पाठ टेकत नाही आणि उठताना गुडघ्यावर भार येतो. घरातून ओट्यावर येताना पायरी ठेवूच नका, उंबऱ्यानंतर थेट पातळी द्या.

उत्तरेची १० फुटांची पट्टी लोक पाइप आणि मोडकी सायकल ठेवायला वापरतात. वाईट वाटतं, कारण ऑक्टोबर ते मार्च तिथे भरदुपारीही घराची सावली असते. दुपारी काम करायला, पुस्तक वाचायला, मुलाच्या खेळण्याला ती घरातली सगळ्यात चांगली जागा. एक ४ फुटांचा बाक, खाली मुरूम, भिंतीला कुंड्या, एवढंच करा. मात्र हिशेबात एक धरा: मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून तेवढे दिवस ही पट्टी सावलीची राहत नाही.

मागची जागा सूर्य बुडाल्यानंतरची. रात्रीचं जेवण, पाहुणे, कोजागरी, उन्हाळ्यात बाज टाकून चादर घेऊन झोपणं. इथे १४ बाय १२ फुटांचा मांडव करा. चौघांच्या टेबलाभोवती खुर्च्या मागे सरकवायला किमान १० बाय १० लागतात, त्याहून लहान केलात तर एक माणूस कायम मातीत बसतो. मांडवाची उंची ८ ते ९ फूट. नुसत्या आडव्या पट्ट्या टाकून मेच्या दुपारी सावली मिळत नाही, सूर्य थेट वरून येतो. सावली वेल देईल. वेल भरेपर्यंत दोन उन्हाळे वर हिरवी जाळी किंवा बांबूच्या चटया टाका. पश्चिमेच्या बाजूला मात्र मांडवाला उभा आडोसा हवाच, मग तो जाळीदार विटांचा असो की झाडांचा. लाकडी खांब करणार असाल तर तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उभे करा, मातीत गाडू नका, वाळवी लागते. जुन्या वाड्यांचे सागवानी खांब विकत मिळतात, ते नव्या लाकडापेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात.

तुम्हाला सुरूची उंच रेघ हवी आहे. सुरू इथे रखडतो आणि त्याऐवजी लावतात तो उभा अशोक पाणी पितो, पश्चिमेच्या झळांनी त्याची पानं करपतात. माझं मत, उभी रेघ झाडांतून काढू नका, मांडवाच्या खांबांतून काढा. चार जाड, चुन्याचा हात दिलेले गोल खांब तो परिणाम पहिल्या दिवसापासून देतील.

पांढऱ्या रंगाबद्दल. पश्चिमेच्या कंपाउंडला बाहेरून चुना जरूर द्या, ऊन परतवतो. पण बसल्यावर डोळ्यांसमोर येणारी भिंत सोलापूरच्या उन्हात पांढरी नको. एप्रिलमध्ये तिच्याकडे बघवत नाही. तिला पिवळ्या मातीचा किंवा फिकट गेरूचा रंग द्या, पांढरा रंग सावलीतल्या भिंतींना ठेवा.

फरशीसाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी आपल्या दारात येते. पॉलिश न केलेली, दीड-दोन इंच जाडीची घ्या. तीही चुनखडीचाच दगड आहे, म्हणून ॲसिड टाकून धुवायला कुणालाही देऊ नका, डाग पडतात. ती उन्हात तापते हे खरं, पण संध्याकाळी पाच वाजता सडा मारला की अर्ध्या तासात अनवाणी चालता येतं.

खरी मेहनत फरशीच्या खाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात बोटभर रुंदीच्या भेगा देते. तिच्यावर थेट सिमेंट टाकून फरशी बसवली की दोन पावसाळ्यांत सांधे उघडतात आणि कट्टे कलतात. गवंडी "काही होत नाही" म्हणेल, ऐकू नका. बसायच्या प्रत्येक जागेखाली दीड ते दोन फूट काळी माती काढून टाका, मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर देऊन पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या, वर दोन इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि त्यावर फरशी. सांधे सिमेंटने बंद न करता क्रश सँडनेच भरा, पाणी मुरेल. उतार दर आठ फुटांना एक इंच, घरापासून दूर. कट्ट्यांचे पाये वेगळे आणि खोल, मुरूम लागेपर्यंत. या एका कामावर पैसा कमी करू नका, लागला तर मांडव पुढच्या वर्षी करा.

निघालेली काळी माती फेकू नका, पश्चिमेच्या कडेला झाडांसाठी वापरा. पण रोझमेरीसारख्यांचे वाफे तिच्यात करू नका. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की निचरा होतो असा समज आहे, प्रत्यक्षात ते मिश्रण वाळल्यावर विटेसारखं घट्ट होतं. त्यांच्यासाठी दीड फूट उंच दगडी वाफे बांधा, तळाला खडी, मिश्रणात दोन भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत. वर दोन इंच बारीक खडीचा थर. पावसाचे शिंतोडे माती घेऊन खोडावर उडत नाहीत आणि बुंधा कोरडा राहतो. वाफ्याच्या भिंतींचे सांधे भरून घ्या. कोरड्या रचलेल्या दगडांच्या फटीत विंचू आणि साप घर करतात, घरात लहान मूल आहे. याच भिंती १८ इंच उंच, माथा एक फूट रुंद ठेवल्यात तर पाहुण्यांसाठी आपोआप बसायला जागा होते.

आता झाडं. सगळ्यात आधी डाळिंब. भूमध्यसागराच्या काठावरच्या बागांत ते हजारो वर्षांपासून आहे आणि सोलापूर तर त्याचंच गाव. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला २००५ पासून आहे. तरी शहरातल्या बागेत त्याला शोभेचं झाड कुणी मानत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. मागच्या बाजूला तीन झाडं, आठ-आठ फुटांवर, तीन-चार खोडांची वाढवा. केशरी-लाल फुलं, चकचकीत पान, वाकड्या फांद्या, हवं ते सगळं त्यात आहे. फळासाठी शेतकऱ्यासारखा बहार (ठरवून आणलेला फुलोरा) धरायचा असेल तर हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा घ्या. पावसाळ्यात वाढणाऱ्या फळांवर तेल्या रोग जास्त येतो. आतल्या फांद्या काढून झाड मोकळं ठेवा, वरून पाणी मारू नका. रोपं खात्रीच्या ठिकाणचीच घ्या, केगावच्या केंद्राचा सल्ला घेतलात तर उत्तम.

अंजीर एक, वायव्य कोपऱ्यात. पानाचा आकारच बागेला तिकडचं वळण देतो. लिंबू हवंच असेल तर मोठ्या कुंडीत, लाल मातीत आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर. क्षाराचं पाणी आणि चुनखडी दोन्ही त्याला सोसत नाहीत.

कण्हेर हे अस्सल भूमध्यसागरी झुडूप, आपण ते हायवेच्या मधल्या पट्टीत बघतो म्हणून त्याला मान देत नाही. ऊन, क्षार, दुष्काळ सगळं सोसतं. पण त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. मूल तीन वर्षांचं आहे तोवर लावू नका. त्याच्या जागी रुपेरी पानांची सिल्व्हर सेज लावा, पावसाळी हवेत जांभळी फुलते आणि पाणी फारसं मागत नाही.

लॅव्हेंडरबद्दल स्पष्ट सांगतो. फोटोत असतं ते इंग्लिश लॅव्हेंडर सोलापुरात टिकत नाही. दातेरी पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडीत छान राहतं, त्याला हंगामी समजा, शेवंतीसारखं. कायमची जांभळी छटा हवी असेल तर निर्गुडी लावा. भूमध्यसागरी प्रदेशात वायटेक्स नावाचं सुवासिक झुडूप असतं, निर्गुडी त्याच कुळातली सख्खी बहीण. करडं पान, निळसर-जांभळे तुरे, चुरगळलं की वास. पावसाळ्यानंतर छाटली की भरदार गोल होते. ओढ्याकाठी फुकट वाढते म्हणून नर्सरीवाले ठेवत नाहीत, फांदी लावली तरी रुजते. हिवाळ्यात तिच्या पायाशी निळा साल्व्हिया टाका.

सुवासाच्या बाबतीत तर आपण श्रीमंत आहोत. मरवा मूळचा भूमध्यसागराच्या पूर्वेकडचाच, इटालियन स्वयंपाकातला मार्जोरम तो हाच. दवणा आपला, रुपेरी. रोझमेरी वाफ्याच्या कडेवरून खाली लोंबेल अशी लावा, पानओवा, सब्जा, गवती चहा स्वयंपाकघराजवळ. मांडवावर जाई चढवा. दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या गावी अत्तरासाठी जाईचीच शेती असते. मांडवावर द्राक्षवेल हवी असं तुम्ही लिहिलं आहे. चित्र सुंदर आहे, पण आपल्याकडे द्राक्षाला भुरी आणि केवडा या रोगांसाठी वारंवार फवारे लागतात आणि खाली तुम्ही जेवणार आहात. मी नको म्हणेन. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, पण भूमध्यसागरी फोटोंत तीच जास्त दिसते. ती पश्चिमेच्या भिंतीवर घाला, बैठकीवर नको, काटे आणि फुलांचा कचरा. पाणी कमी दिलंत तरच भरून फुलेल.

ऑलिव्ह हवंच असेल तर एक, २० इंची मातीच्या कुंडीत, पूर्वेच्या ओट्याजवळ, पानांसाठी. फळाची आशा धरू नका. फुलोऱ्यासाठी त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते. राजस्थानात ऑलिव्हची लागवड झाली आहे, तिथला हिवाळा आपल्यापेक्षा कडक आहे.

पश्चिमेच्या मोठ्या सावलीसाठी नैर्ऋत्येला एक कडुनिंब, कंपाउंडपासून निदान आठ फूट आत. पुढे त्याला पार बांधाल तेव्हा खोडाभोवती पाच फूट व्यासाची माती मोकळी सोडा. बुंध्यापर्यंत सिमेंट भरलेले पार शहरात जागोजागी दिसतात आणि ती झाडं गुदमरलेली असतात.

लॉन करू नका. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच-सात लिटर पाणी मागतं, हजार चौरस फुटांना रोज ५०० लिटरच्या वर. मोकळ्या जागेत मुरूम टाका आणि कडेने मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांचे झुबके. सोलापूरजवळच्या नन्नजच्या माळरानावर ऑक्टोबरात वाऱ्यावर हलणारं गवत तुम्ही पाहिलं असेल, तशीच हालचाल बागेला येते.

पाण्याचा हिशेब असा. तुमचं छत १,००० चौरस फूट जरी धरलं तरी सरासरी पावसात ४०,००० लिटर पाणी त्यावरून मिळू शकतं. सगळं साठवता येणार नाही, पण १०,००० लिटरची टाकी फरशीचं खोदकाम चालू असतानाच घालून घ्या. ठिबकच्या दोन वेगळ्या लाइनी करा, एक जाई, अंजीर, डाळिंबाची, दुसरी रोझमेरी, निर्गुडी, बोगनवेलीची. दुसरी जूनमध्ये पूर्ण बंद झाली पाहिजे. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बुजतात, लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) टोकं महिन्यातून एकदा उघडून धुवा. कारंजं नको, मेमध्ये उघडं पाणी झपाट्याने उडून जातं. एक जुनी दगडी डोण पुढच्या ओट्याजवळ ठेवा, गप्पी मासे सोडा, पाखरं येतील.

कामाचा क्रम महिन्यांप्रमाणे लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोदाई, टाकी, मुरूम, पाये. एप्रिल-मेमध्ये फरशी, कट्टे, मांडव. जूनचा पहिला चांगला पाऊस पडला की पाणी कुठे तुंबतं ते बघा, तिथला उतार दुरुस्त करा आणि मगच कडुनिंब, डाळिंब, अंजीर, निर्गुडी, गवतं लावा. रोझमेरी, मरवा आणि सगळे सुवासिक वाफे मात्र तेव्हा रिकामेच ठेवा. ग्रीसमध्येही ही लागवड शरदातच होते, आपल्याकडे ती परतीचा पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमाराला करायची. म्हणजे मुळांना थंडीचे चार महिने मिळतात. जूनमध्ये नर्सरीवाला स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात एप्रिलपासून या वाफ्यांवर दुपारी पन्नास टक्के सावलीची जाळी धरा आणि जाळी बांधायच्या कड्या गवंडी कामावर असतानाच भिंतीत बसवून घ्या.